नकलेची दुरुस्ती

संगीतवर्गाचं दार नीट लागत नाही हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असल्यामुळेच ते दुरुस्त करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दाराच्या फटीतून रसायनशास्त्राच्या बाईंना रसायनशास्त्राच्या बाई दिसल्या. आत पियानोला टेकून, प्रयोगशाळेतला पांढरा एप्रन घालून दहावीतली एक मुलगी उभी होती. तिला सगळे फिरकी म्हणत, कारण शिपायापासून चेअरमनपर्यंत ती कुणालाही सोडत नसे. तिनं चष्मा कपाळावर सारला आणि तोच चष्मा पियानोवर शोधायला सुरुवात केली. खडू दोन बोटांत सिगरेटीसारखा धरला. मग नाकातून, किंचित दुखावलेल्या आवाजात म्हणाली, "मुलांनो, अ‍ॅसिड काही तुमची मावशी नाही, ते लाड करणार नाही." बाकांवरची पोरं खिदळली. बाहेर उभ्या असलेल्या बाईही हसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी पोरांच्या नकलांत स्वतःला एवढ्या वेळा पाहिलं होतं की या बाबतीत त्यांची नजर आता जाणकाराची झाली होती. मान जरा जास्त हलतेय, पण मावशी झकास, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात दिला आणि पुढचं पाऊल टाकणार, एवढ्यात एप्रनमधल्या बाई थांबल्या. "हे द्रावण बाटलीत ओतायचं तर थेट ओतायचं नाही. त्यासाठी घ्यायचं..." आणि थांबल्याच. एक हात वर, काहीतरी धरल्यासारखा. अंगठा तर्जनीवर घासतोय, कापडाचा पोत बघावा तसा. नजर खिडकीच्या वरच्या कडेला, तोंड जरासं उघडं. आणि बाकांवरची पोरं, एकमेकांकडे न बघता, घरात बाळ झोपलेलं असताना बोलतात तशा आवाजात एकदम म्हणाली, "नरसाळं, बाई." "हां, नरसाळं," एप्रनमधल्या बाई म्हणाल्या आणि मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात पुढे सुरू झाल्या. या वेळी कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "हे उद्या ठेवायचं?" फिरकी म्हणाली, "का नको? सगळ्यात जास्त जमलंय ते हेच."

बाईंच्या मनात पहिला विचार आला तो शिक्षकाचाच. निरीक्षण चुकलं. आपण असं कधी करत नाही. हे पोरांनी कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाचं उचललं आणि आपल्याला चिकटवलं. असं होतं कधी कधी. एका वर्षी भूमितीच्या सरांचं शिंकणं चुकून व्यायामाच्या सरांना लावलं गेलं होतं आणि व्यायामाचे सर पुढे वर्षभर तसंच शिंकत होते. पटण्यासारखं होतं हे. बाईंना ते जवळजवळ पटलंही होतं. पण त्यांनी सहज खाली पाहिलं तर उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता. सावकाश, मन लावून. त्यांनी हात एकदम एप्रनच्या खिशात घातला, चोरीचा माल लपवावा तसा, आणि जिना उतरल्या. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून उतरल्या. स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या वर्गातल्या पोरांपासून लपत आपण चवड्यांवर चाललो आहोत, हे त्यांना खालच्या पायरीवर पोचल्यावर कळलं.

शाळा खाजगी होती. सरकारचा पैसा घेत नव्हती, त्यामुळे सरकारला घाबरायचं कारण नव्हतं. फक्त संचालक, देणगीदार, पालक-समिती आणि माजी विद्यार्थी यांना घाबरलं की पुरे. वर्ष संपताना ही सगळी मंडळी एका संध्याकाळी सभागृहात जमत. बक्षिसं होत, भाषणं होत, पालक-समितीनं भाजलेले केक असत, पण लोक खरे यायचे ते नकलांना. दहावीची पोरं शाळा सोडण्याआधी आपल्या शिक्षकांच्या नकला करत, आणि नक्कल संपली की सभागृह एका सुरात 'दुरुस्ती, दुरुस्ती' म्हणत टाळ्या वाजवू लागे. मग ज्याची नक्कल झाली त्यानं मंचावर जायचं आणि पोरांकडून काय राहिलं, कुठे फसलं, ते स्वतः करून दाखवायचं. ही रीत संस्थापक मुख्याध्यापकांनी पाडली. मुलांनी शिक्षकांचं जे उचललं ते जाताना परत करावं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःची नक्कल पाहिली आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही असं शाळेच्या स्मरणिकेत मुद्दाम छापलेलं आहे. ज्याची नक्कल होत नाही तो शिक्षक आठवडाभर 'मला मुळी असलं आवडतच नाही' असं सांगत स्टाफरूममध्ये फिरतो. बाईंवर ती पाळी कधी आली नव्हती. पोरं त्यांना मागून लिटमस म्हणत, कारण चुकीचं उत्तर ऐकलं की त्या लाल होत आणि फीवाढीचा विषय निघाला की निळ्या. पाठीमागची नावं शिक्षकाला आधी कळतात. त्यांना ते नाव आवडायचंही. रंग बदलणारं का असेना, खरं सांगणारं काहीतरी आपल्याला म्हटलं जातंय म्हणून. आता तोच विचार टोचायला लागला. खरं सांगणारं. पोरं बघून बघून करतात. त्यांना खोटं करताच येत नाही, तेवढा त्यांचा अनुभव नसतो.

आईचं असंच सुरू झालं होतं. सगळ्यात आधी गेली ती किसणी. आई स्वयंपाकघरात हात हवेत वरखाली करत उभी होती, "ते दे गं, खरवडायचं." दादा हसला, बाई हसल्या, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, आणि मग काही महिने घरात तोच विनोद चालला, दादा दाढी करायला निघाला की म्हणायचा, "आई, खरवडायचं दे." मग झारा गेला. मग उशी. मग समोरच्या घरातली बाई, जिच्याशी आई रोज भांडायची, ती गेली, आणि भांडण तेवढं राहिलं. शब्द जातात ते काही दार आपटून जात नाहीत. शेवटच्या तासाला मागच्या दारानं पोरं सटकतात तसे एकेक करून जातात, आणि हजेरी घेईपर्यंत वर्ग भरल्यासारखाच वाटतो. पुढे दादा गेला, म्हणजे आईच्या डोक्यातून गेला. तो तिच्या समोर बसून तिची नखं कापत असायचा. बाई सगळ्यांच्या नंतर गेल्या. त्या दिवशी आईनं त्यांच्याकडे फार सभ्यपणे पाहिलं आणि विचारलं, "आपण कुणाकडच्या?" बाईंनी सांगितलं, इथल्याच. आई म्हणाली, बसा, चहा टाकते, आणि उठून सगळ्या घरभर चहा शोधत फिरली, न्हाणीघरातसुद्धा. तिला कळत असेल का, हा प्रश्न तेव्हा बाईंना झोपू द्यायचा नाही. दादा म्हणायचा, "नसतं गं कळत. तेवढी तरी सोय केलेली असते." त्या सोयीवर विश्वास ठेवून बाईंनी पुढची वर्षं काढली. आणि आता मैदानाच्या कडेनं प्रयोगशाळेकडे जाताना त्यांच्या लक्षात आलं की दादाचं अगदी बरोबर होतं. कळत नसतं. ही मात्र सोय नव्हती. पायाखालची फरशी नाही हे फक्त बाकीच्यांना दिसतंय, असं काहीतरी ते होतं.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. नळ ठिबकत होता. ओट्यावर एका चंचुपात्रात कुठल्या तरी वर्गाचा धुवायचा राहिलेला निळा द्राव तळाशी बसला होता. बाई स्टुलावर बसल्या आणि, करू नये ते, आठवायला लागल्या. या वर्षीची दहावी फार सजग आहे, वाक्य अर्धं टाकलं की पुरं करतात, असं त्यांनीच स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगितलं होतं. एकदा नव्हे, बऱ्याचदा. तेव्हा इतिहासाचे सर चहात बिस्कीट बुडवून बसले होते आणि बिस्कीट विरघळून खाली पडेपर्यंत तसेच बसून राहिले होते. बाईंना वाटलं होतं, सरांना हेवा वाटला. मुख्याध्यापिका, जी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी आणि जिला त्यांनी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, ती वर्षाच्या मध्यावर येऊन म्हणाली होती, "बाई, अ‍ॅसिडची प्रॅक्टिकलं नवीन सरांना देऊ या का? तुमची उगाच दगदग." बाईंनी हे त्या बाहेर उभं करण्याचं उट्टं समजून आनंदानं सोसलं होतं. आणि ते ड्रॉवर. प्रयोगशाळेच्या सगळ्या ड्रॉवरांवर आत काय आहे ते अलीकडे मोठ्या, ठसठशीत अक्षरात चिकटवलेलं होतं. चिमटे. नळ्या. काचकांड्या. तपासणी येणार असेल, असं धरून बाई चालल्या होत्या. तपासणी आलीच नव्हती. त्यांनी त्या अक्षरांवरून नजर काढून घेतली, जशी कुणी उघडं पडलेलं दिसलं की काढतो. मग डोळे मिटले आणि अ‍ॅसिडच्या कपाटातल्या बाटल्या डावीकडून उजवीकडे मनात म्हटल्या. सगळ्या आल्या. पुन्हा म्हटल्या. पुन्हा आल्या. तरी जीव थाऱ्यावर येईना, कारण जो शब्द नाहीच त्याची उणीव कशी जाणवणार? हजेरीपटावर ज्याचं नावच नाही तो गैरहजर कसा असेल? त्यांनी कपाट उघडून खात्री करायची ठरवली आणि किल्ली हातात घेऊन बराच वेळ कपाटासमोर उभ्या राहिल्या, आणि मग किल्ली परत खुंटीला लावली.

घरी यजमान खिडकीपाशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. आयुष्यभर त्यांनी कारखान्यांचे आराखडे काढले होते आणि निवृत्तीनंतर काढायला कारखाना उरला नाही तरी पेन्सिलीला टोक हवंच असे. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "सांडशी," त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या. "झाकण. गाळणं. उलथनं. पाट. पाट नव्हे, पोळपाट." बाहेरून आवाज आला, "उजळणी चाललीय का? मीही आहे घरात. मला काय म्हणतात ते आठवलं तर सांग." एरवी बाईंनी याला तोडीस तोड काहीतरी ऐकवलं असतं. आज त्या हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, मी हल्ली बोलता बोलता मध्येच थांबते का?" "नाही," ते म्हणाले. या माणसाला चहा घेणार का विचारलं तर तो आधी घड्याळाकडे बघायचा, मग आभाळाकडे, आणि चहा उकळून गेल्यावर म्हणायचा, "अर्धा." मुलगी बघायला आले होते तेव्हा पसंत आहे का विचारल्यावर "बघू" म्हणाले होते आणि, बाई नेहमी म्हणत, अजून बघतच आहेत. आणि आता प्रश्न संपायच्या आत उत्तर. पेन्सिल तासायची थांबलेली नव्हती, पण तिचं टोक कधीच झालं होतं. आता नुसती पेन्सिल संपत होती. "उद्या तुमच्या शाळेत ते आहे ना," ते खाली बघत म्हणाले, "मी येईन म्हणतो." "तुम्ही? तुम्हाला तर चेअरमनच्या भाषणात झोप येते." "झोपायलाच येतो," ते म्हणाले. बाई हसल्या. ते हसले. दोघंही जरा जास्त वेळ हसले. जेवताना बाई प्रत्येक वाक्य तोंडातून काढण्याआधी शेवटपर्यंत तपासून घेत होत्या, जिन्यात दिवा नसताना पायानं पुढची पायरी चाचपावी तशा, आणि त्यामुळे इतक्या सावकाश बोलत होत्या की यजमानांनी विचारलं, बरं नाही का? आणि त्या हे सगळं तपासत असताना एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांनी आपणहून टिपली. बाई मीठ मागायच्या आधी मीठ येत होतं. पाण्याचा तांब्या, भाताची वाटी, नजर वळेल तिकडे यांचा हात आधीच पोचलेला. हे प्रेम आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते प्रेमच होतं, म्हणून तर धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी शाळा लग्नघरासारखी झाली होती. तास नव्हते. खुर्च्या वाहून नेणारी पोरं खुर्च्यांवर बसूनच जास्त दिसत होती, आणि पालक-समितीच्या अध्यक्षीणबाई केकच्या टेबलाशी कुणाचा केक पुढे ठेवायचा यावर कुणाशी तरी गोड आवाजात युद्ध करत होत्या. बाईंना काम नव्हतं. त्या एका मजल्यावरून दुसऱ्यावर, काम असल्यासारख्या, हातात एक रिकामी फाइल धरून हिंडत होत्या. ती जागा. नकलेतल्या त्या थांबण्याला त्या मनात 'ती जागा' म्हणायला लागल्या होत्या. ती जागा आज संध्याकाळी मंचावर आली तर संचालक बघणार, पालक बघणार. उद्यापासून कुणी आपल्याशी बोलताना ओठांकडे बघणार. एकदा माणसं ओठांकडे बघायला लागली की संपलं. आईच्या बाबतीत त्या स्वतःच बघायच्या. मुख्याध्यापिकेला सांगून नक्कल काढून टाकता येईल. पण काय सांगून? डोकं दुखतंय म्हणून घरी जाता येईल. पण मग नक्कल होईलच, आणि दुरुस्तीला कुणी नसेल. ती जागा तशीच उभी राहील, सगळ्यांच्या समोर, आपल्याशिवाय. वळणावर फिरकी समोरून आली. तिच्या हातात तो एप्रन होता. ती थबकली. "बाई, काल तुम्ही संगीतवर्गाकडे आला होतात का?" "मी? मला गाता येत नाही हे सगळ्या शाळेला माहीत आहे." "नाही, तुमच्या चपलांसारखा आवाज आला." "चपला काय माझ्या एकटीच्याच वाजतात?" बाई म्हणाल्या, आणि विषय तोडायला म्हणून जरा कडक आवाज काढला. "आधी तुझी ती लेस बांध. पडशील एक दिवस." फिरकीनं खाली पाहिलं. बाईंनीही पाहिलं. फिरकीच्या बुटांना लेस नव्हत्या; नुसते पाय सरकवायचे बूट होते. जिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती, चेअरमनच्या ढेकरेची नक्कल जिनं चेअरमनच्या मागे उभं राहून केली होती, ती पोरगी एक शब्द न बोलता खाली वाकली आणि नसलेली लेस नीट बांधली. दुसऱ्या पायाचीही बांधली. मग उठून म्हणाली, "थँक यू, बाई," आणि निघून गेली. बाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. भिंत खरखरीत होती, हे एक बरं होतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. शिक्षकांच्या खुर्च्या पुढे डाव्या बाजूला, अशा लावलेल्या की मध्ये बसलेल्याला उठायचं तर सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागावेत, आणि बाई मध्ये होत्या. यजमान पालकांच्यात, मधल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. चेअरमन बोलत होते आणि तरीही यजमान जागे होते. चेअरमन म्हणाले की शाळा हे कुटुंब आहे. दर वर्षी म्हणायचे. बाईंनी आज पहिल्यांदाच ते वाक्य ऐकलं आणि त्यांना कसंसंच झालं, कारण कुटुंबात काय काय झाकलं जातं ते त्यांना ठाऊक होतं. बक्षिसं झाली. इतिहासाच्या सरांची नक्कल झाली; पोरानं त्यांची पँट वर ओढण्याची लकब हुबेहूब केली आणि सरांनी दुरुस्तीत ती आणखी वर ओढली. हशा पिकला. बाई हसल्या, पण हसू चेहऱ्यावर एखाद्या दुसऱ्याच्या चष्म्यासारखं बसलं होतं. मग दिवे जरा मंद झाले आणि फिरकी एप्रन घालून आली.

चष्मा कपाळावर गेला. लोक हसले. खडू सिगरेटीसारखा. लोक हसले. मावशी आली तेव्हा मागच्या रांगेतले माजी विद्यार्थीसुद्धा तिच्याबरोबर ते वाक्य म्हणाले, कारण त्यांच्याही वेळी मावशीच होती. बाई खुर्चीच्या कडेवर बोटं रुतवून बसल्या. आता येणार. "हे द्रावण बाटलीत ओतायचं," फिरकी म्हणाली, "तर थेट ओतायचं नाही. त्यासाठी घ्यायचं नरसाळं, आणि नरसाळं घरच्या रॉकेलचं आणायचं नाही." सरळ, न थांबता, घडाघडा. लोक रॉकेलला हसले. ती जागा आली आणि गेली. तिथे काहीच नव्हतं. बाईंचे खांदे खाली आले. सुटलो. पोरीनं सोडलं. आणि त्याच क्षणी शेजारी इतिहासाच्या सरांनी घट्ट विणलेली बोटं मोकळी केलेली त्यांना दिसली. पलीकडे मुख्याध्यापिकेनं रोखलेला श्वास सोडला. दहावीच्या रांगांमध्ये एकही डोळा बाईंकडे नव्हता. इतकी पोरं, आणि सगळी एकजात छताकडे, बुटांकडे, कुठे कुठे बघत होती. प्रयोगशाळेतला सहायक दाराशी उभा राहून मान खाली घालून हसत होता. सगळं सभागृह एका जागी येऊन पावलं उचलून ओलांडून गेलं होतं, घरात कुणी जमिनीवर झोपलेलं असलं की ओलांडतात तसं. अंधारातसुद्धा कुणाचा पाय लागला नाही. म्हणजे ती जागा कुठे आहे ते प्रत्येकाला माहीत होतं. काल रात्री बाई घाबरल्या होत्या ते सगळ्यांना कळेल म्हणून. ती भीती आता त्यांना घरच्यासारखी, जवळजवळ आरामाची वाटली. ती निदान पुढे घडायच्या गोष्टीची होती.

नक्कल संपली. टाळ्या झाल्या. 'दुरुस्ती' असं कुणी लगेच म्हणालं नाही. मागून एका माजी विद्यार्थ्यानं, ज्याला काहीच माहीत नसावं, "दुरुस्ती" म्हणून आरोळी दिली आणि एकटाच पडला. मुख्याध्यापिका अर्धवट उठली. "वेळ जरा कमी आहे, तर बाईंची दुरुस्ती या वर्षी आपण..." बाई तोवर उभ्या राहिल्या होत्या. गुडघे ओलांडत त्या मंचाकडे निघाल्या. त्यांना एकदम सुचलं होतं, आणि सुचलेलं इतकं नामी होतं की भीतीच्या मधोमध त्यांना हसू आलं. ती जागा आपणच करायची. चांगली ठसठशीत, लांबवून. एकदा ती नकलेत गेली की नकलेची झाली. मग पुढल्या वर्षी वर्गात, स्टाफरूममध्ये, अगदी मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये थांबलो तरी लोक म्हणतील, बाई स्वतःची नक्कल करताहेत. खोट्यात खरं असं मिसळून टाकायचं की गाळून वेगळं काढता येऊ नये. रसायन शिकवण्यात जन्म गेला, एवढं तर यायला हवं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. फिरकी बाजूला सरली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "हिनं बरं केलं," बाई म्हणाल्या, "पण एक विसरली." सभागृह हललं नाही. "मुलांनो, मिश्रणातून न विरघळलेला पदार्थ वेगळा काढायचा तर नुसतं नरसाळं उपयोगाचं नाही. त्यात आधी बसवायचा..."

आणि त्या थांबल्या. हात वर, अंगठा तर्जनीवर. नजर वर, जिथे खिडकी नव्हती तिथे. पहिला क्षण सगळा त्यांचा होता. किती वेळ ताणायचं हे त्यांना नटासारखं कळत होतं. सभागृहाची शांतता त्यांच्या बोटाला दोरी बांधल्यासारखी ताणली जात होती. आता हसतील. अजून थोडं. आता. आणि त्या शब्द उचलायला वळल्या, जो त्यांनी मंचावर येतानाच अगदी हाताशी, काठावर ठेवला होता. काठावर काही नव्हतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. वस्तू दिसत होती. पांढरी, गोल, तिची घडी दिसत होती, अर्धी, मग पाव, मग एक पदर उघडून शंकू. त्यांची दोन्ही बोटं ती घडी हवेत घालायला लागली. वस्तू सगळी होती, तिला म्हणायचं मात्र काही नव्हतं. बोटं घडी घालत राहिली, आणि आपण हे खोटं करतो आहोत की खरं, हे सांगणारं आत कुणी उरलं नव्हतं. कुणी हसत नव्हतं. दहावीच्या रांगांमधून तो आवाज यायला लागला, श्वास घेतल्यासारखा, सगळ्यांनी मिळून, पण त्याच्या आधी, अगदी सहज, रोजच्या सवयीनं, पालकांच्या मधल्या रांगेतून एक जाड आवाज म्हणाला, "गाळणकागद." आणि मग मागाहून, जरा गोंधळून, पोरं म्हणाली, "गाळणकागद, बाई."

बाईंनी त्या रांगेकडे पाहिलं. अ‍ॅसिड म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालायचं ते, एवढंच रसायन ज्यांना माहीत होतं ते यजमान तोंडावर हात ठेवून बसले होते, जणू शब्द तोंडातून निसटून गेला होता आणि आता तो परत घेता येत नव्हता. कधी शिकले हे? त्या घरी नसताना, त्यांचीच पुस्तकं खाली काढून, एकेक वस्तू, चित्रं बघून पाठ केली असणार. किती पाठ केल्या आहेत, कुठवर गेले आहेत, किसणीपर्यंत, उशीपर्यंत, की पुढे? "हां," बाई म्हणाल्या, "गाळणकागद." मग लोक हसले. सुटल्यासारखे, मोठ्यानं, उभं राहून टाळ्या वाजवत हसले, आणि तो माजी विद्यार्थी शेजारच्याला म्हणाला, "बघ, म्हातारी अजून सगळ्यांना पुरून उरते." बाईंनी मान लववली. मंचावरून उतरायच्या पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या वळल्या नाहीत. टाळ्या चालू होत्या तोवर तशाच उभ्या राहिल्या, कुणीतरी सांगेल म्हणून.